कोरडं झालेलं अंथरूण परत ओलं व्हायला लागलं तर

रात्री तीनच्या सुमारास खुडबुड ऐकू आली म्हणून उठले, तर माझा सहा वर्षांचा मुलगा अंधारात उभा राहून स्वतःची चादर गोळा करून पलंगाखाली सरकवत होता. रडत नव्हता. लाईट लावला तर एवढंच म्हणाला, "आई, पाणी सांडलं." झोपायच्या खोलीत आम्ही पाणी ठेवतच नाही. आदल्या आठवड्यात तीनदा गादी ओली झाली होती, आणि त्यातल्या एका सकाळी घाईघाईत मी "अरे, एवढा मोठा झालास ना आता" असं बोलून गेले होते. ते वाक्य त्याने मनात धरून ठेवलं होतं.

तो तीन वर्षांचा असताना त्याचा दिवसाचा डायपर सुटला, चारच्या आसपास रात्रीही कोरडा राहायला लागला, आणि मग जवळजवळ दोन वर्षं काहीच नाही. त्यामुळे परत सुरू झाल्यावर प्रत्येकाचं मत वेगळं. लाडावलाय, झोपताना पाणी पितो, उठायचा कंटाळा करतो, जाईल आपोआप. मी पण दोन महिने "जाईल"वरच काढले. ते काढायला नको होते, आणि हा लेख त्यासाठीच लिहितेय, कारण एकदा नीट कोरडं राहायला लागलेलं मूल परत अंथरूण ओलं करायला लागलं तर त्याला डॉक्टरांना दाखवायचंच असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नसतं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ, जी मला स्वतःला माहीत नव्हती. टॉयलेट ट्रेनिंग ही दिवसाची गोष्ट आहे. मूल जागं असतं, शू लागल्याचं त्याला कळतं, ते धरून ठेवतं, बाथरूमपर्यंत जातं, चड्डी खाली करतं, हे सगळं शिकवता येतं. रात्री कोरडं राहणं शिकवता येत नाही. झोपलेल्या मुलाला कोण काय शिकवणार? ते शरीर आपापल्या वेळेने जमवतं, दिवसाचं जमल्यावर कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. म्हणून डॉक्टर पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या ओल्या गादीला आजार म्हणतच नाहीत. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात चार-पाच जण, फक्त कोणी कोणाला सांगत नाही म्हणून प्रत्येक घराला वाटतं की हे आपल्याकडेच चाललंय. पुढे दर वर्षी यातल्या साधारण १५ टक्के मुलांचं आपोआप थांबतं. पंधराव्या वर्षापर्यंत शंभरातली एक-दोन उरतात. मुलांमध्ये याचं प्रमाण मुलींपेक्षा साधारण दुप्पट असतं.

आता यात दोन प्रकार आहेत आणि तुमचं मूल कुठल्या प्रकारात बसतं ते कळणं महत्त्वाचं. एक म्हणजे जे मूल रात्री कधीच सलग कोरडं राहिलं नाही. बहुतेक मुलं या प्रकारातली, आणि इथे मुख्य कारण वाढीचा वेग आणि घराण्यातून आलेला वारसा हे असतं. आई किंवा बाबा यांच्यापैकी एकजण लहानपणी अंथरूण ओलं करत असेल तर मुलाला तसं होण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघंही करत असतील तर ७७ टक्के, आणि कोणीच करत नसेल तर १५ टक्के. दुसरा प्रकार म्हणजे मूल किमान सहा महिने सलग कोरडं राहिलं आणि मग परत सुरू झालं. माझा मुलगा यात होता. इथे "उशिरा जमतंय" हे उत्तर लागू पडत नाही, कारण त्याला जमलं होतं. जमलेलं बिघडलं तर काहीतरी बदललेलं असतं, शरीरात, आजूबाजूला किंवा मनात, आणि ते शोधायचं असतं. अधूनमधून एखादी रात्र, तापात, खूप दमून झोपल्यावर, ओली झाली तर ते सोडून द्या. पण दोन आठवड्यांत परत परत होत असेल तर अपॉइंटमेंट घ्या.

रात्री नक्की काय होतं ते सांगते. मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी. ती भरत आली की मेंदूला निरोप जातो, आणि झोपेतही मेंदूने तो निरोप ऐकून एकतर पिशवी घट्ट धरून ठेवायची असते नाहीतर मुलाला उठवायचं असतं. त्याच वेळी मेंदू रात्रीपुरतं एक हार्मोन जास्त सोडतो, व्हेसोप्रेसिन नावाचं, त्यामुळे किडनी रात्री कमी आणि घट्ट लघवी बनवते, म्हणून तर सकाळची पहिली लघवी जास्त पिवळी असते. या साखळीत तीन ठिकाणी गडबड होऊ शकते: रात्री लघवीच खूप बनते, किंवा पिशवीत मावते कमी म्हणजे ती अर्धी भरली तरी आकसायला बघते, किंवा निरोप जातो पण झोपलेला मेंदू तो घेत नाही. मुलाला समजावताना मी सांगितलं की पोटातला फोन वाजतो पण वरचा झोपलेला माणूस उचलत नाही. त्याने लगेच विचारलं, "मग मोठ्याने वाजवायचा ना?" हाच विचार पुढे उपचारात आला, ते सांगतेच.

पिशवीत साधारण किती मावायला हवं याचं एक सोपं गणित आहे: वयात एक मिळवा आणि ३० ने गुणा. सहा वर्षांच्या मुलासाठी ७ गुणिले ३०, म्हणजे २१० मिली. साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंत हे गणित चालतं. हे काही पास-नापासचं माप नाही, फक्त अंदाज येतो.

आता कारणांकडे येते, आणि ज्याबद्दल कोणीच बोलत नाही तिथून सुरू करते, म्हणजे पोट. कॉन्स्टिपेशन. परत सुरू झालेल्या ओल्या गादीमागे हे इतक्या वेळा असतं की डॉक्टर लघवीबद्दल विचारायच्या आधी शीबद्दल विचारतात, आणि आई-बाबा गोंधळतात की आपण वेगळ्याच तक्रारीसाठी आलोय. पण आतली रचना बघा. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, जिथे शी साठते, तो लघवीच्या पिशवीच्या अगदी मागे चिकटून असतो. तिथे कडक शी साचून तो भाग फुगला की तो पिशवीला दाबतो, पिशवीला पसरायला जागा राहत नाही, आणि तिच्या नसांनाही सतत चुकीचे निरोप जातात. दिवसा मूल बाथरूमला पळून ते निभावून नेतं, रात्री नाही जमत.

मी डॉक्टरांना ठामपणे म्हणाले होते की याला रोज होते, कॉन्स्टिपेशन नाहीये. त्यांनी मुलाला झोपवून पोटावर हात फिरवला, डाव्या बाजूला खाली थांबल्या आणि मला म्हणाल्या, इथे हात ठेवून बघा. हाताला एक लांबट घट्ट गाठीसारखं लागत होतं. ती साचलेली शी होती. रोज थोडी थोडी होत होती पण पूर्ण बाहेर पडतच नव्हती. मग त्यांनी विचारलं, शी खड्याखड्याची होते का, किंवा एकदम इतकी मोठी की फ्लशला अडकते? चड्डीला डाग लागतात का? डाग लागायचे. मी त्याला "नीट धूत जा" म्हणून सांगत होते, आणि ते होते साचलेल्या कडक शीच्या बाजूने झिरपलेल्या पातळ शीचे डाग, ज्याचा त्याला पत्ताही नव्हता. शाळा बदलल्यापासून तो तिथल्या बाथरूमला जायचं टाळत होता, शू पण धरून ठेवायचा आणि शी तर अजिबातच नाही, आणि हे त्याने घरी कधी सांगितलं नाही कारण आम्ही कधी विचारलंच नाही.

याचा उपचार म्हणजे शी मऊ करणारं औषध, डोस डॉक्टर ठरवतात, आणि ते दोन-चार दिवस देऊन बंद करायचं नसतं. ताणलं गेलेलं आतडं पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि पोट मोकळं झालं म्हणून औषध मध्येच सोडलं की परत साचतं, ही चूक फार जण करतात. सोबत जेवणानंतर पाच-दहा मिनिटं टॉयलेटवर निवांत बसवायचं, पाय लोंबकळत असतील तर पायाखाली स्टूल द्यायचं, कारण पाय टेकलेले नसले की खालचे स्नायू सैल पडत नाहीत. काही मुलांची ओली गादी फक्त पोट साफ राहायला लागल्यावर थांबते.

दुसरं कारण इन्फेक्शन. लघवीला जळजळ, सारखी सारखी शू लागणं, पोटात खाली दुखणं, वास, ताप, दिवसासुद्धा चड्डीत शू होणं. मुलींमध्ये जास्त दिसतं. लघवीची साधी तपासणी करून कळतं, आणि इन्फेक्शन निघालं तर अँटिबायोटिकचा कोर्स असतो. घरात आधीचं उरलेलं औषध असेल तरी ते देऊ नका, तपासणीला लघवी देण्याआधी तर मुळीच नाही, मग जंतू कुठला ते सापडत नाही.

आता जे सांगतेय ते कृपा करून लक्षात ठेवा, बाकी काही विसरलात तरी चालेल. मूल परत गादी ओली करायला लागलंय आणि त्याच्यासोबत त्याला खूप तहान लागतेय, रात्री उठून पाणी मागतंय, दिवसा सारखं शूला जातंय, वजन उतरतंय किंवा कपडे सैल वाटतायत, आणि दमलेलं दिसतंय, तर हा टाइप १ डायबिटीस असू शकतो. लहान मुलांना होतो, घरात कोणाला शुगर नसतानाही होतो, आणि गोड खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. रक्तात साखर वाढली की किडनी ती लघवीतून बाहेर टाकते आणि तिच्यासोबत भरपूर पाणी ओढून नेते, म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त. त्या तहानेला आपण "पाणी जास्त पितो म्हणून ओलं करतो" असं समजून पाणी बंद करतो, आणि ते अतिशय धोक्याचं आहे. अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी बोटातून एक थेंब रक्त काढून शुगर बघून घ्यायची, मिनिटभराचं काम आहे, सकाळी उपाशीपोटी टेस्ट करू म्हणून थांबायचं नाही. आणि उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी, यातलं काही असेल तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

बाकीची कारणं थोडक्यात सांगते. रात्री जोरात घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होणं, हे असेल तर घशातले टॉन्सिल आणि नाकामागचे अडेनॉइड वाढलेले असू शकतात, त्यावर उपचार झाल्यावर बऱ्याच मुलांची गादीही कोरडी व्हायला लागते. जंत झाले असतील तर रात्री खाज येऊन झोप मोडते आणि तेही याला हातभार लावतं. एखादं नवीन औषध सुरू झालं असेल, फिट्सचं किंवा वागणुकीसंबंधीचं, तर त्याचं नाव डॉक्टरांना आवर्जून सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. चालण्यात फरक, पायात अशक्तपणा, पाठीच्या अगदी खाली खळगा किंवा केसांचा झुपका, लघवीची धार बारीक किंवा सतत थेंब थेंब गळणं, असं असेल तर मणक्याची आणि लघवीच्या मार्गाची नीट तपासणी लागते, हे क्वचित असतं पण सुटता कामा नये.

आणि मन. घरात बाळ आलं, शाळा बदलली, घर बदललं, आई-बाबांची भांडणं, कोणी जवळचं गेलं, वर्गात कोणी त्रास देतंय, अशा गोष्टींनंतर गादी ओली व्हायला लागू शकते. मूल हे मुद्दाम करत नाही. झोपेत कोणी मुद्दाम काही करू शकत नाही, हे वाक्य घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगून ठेवा. इथे एक अवघड गोष्टही लिहितेय. मूल अचानक कोणा एका माणसाला घाबरायला लागलं, कपडे बदलताना किंवा आंघोळीला अंग चोरायला लागलं, त्याच्या वयाला न शोभणारं काही बोलायला लागलं, आणि सोबत गादी ओली होतेय, तर कोणी त्याला नको तिथे हात लावतंय का हा विचार मनात आणायला घाबरू नका. फक्त गादी ओली होतेय एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढू नका, पण बाकीच्या खुणा असतील तर शांतपणे, एकांतात ऐकून घ्या आणि लगेच डॉक्टरांना सांगा. त्याच वेळी, मानसिक असेल असं आपणच ठरवून पोट, लघवी आणि शुगर बघायची राहू देऊ नका. माझ्या मुलाची शाळा बदलली होती म्हणून आम्ही दोन महिने ते टेन्शनवर ढकललं.

डॉक्टरकडे जाताना काय घेऊन जायचं? वही. दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं की रात्र ओली की कोरडी, ओली असेल तर साधारण किती वाजता, थोडी की पूर्ण गादी, आणि शी झाली का व कशी. शिवाय सुट्टीचे दोन दिवस निवडून दिवसभर तो किती पाणी पितोय आणि प्रत्येक वेळी किती लघवी होतेय ते मापाच्या जुन्या भांड्यात घेऊन मिलीमध्ये लिहायचं. ऐकायला कटकटीचं वाटतं, पण आमच्या वहीतल्या या दोन दिवसांनी जे सांगितलं ते मी तासभर बोलून सांगू शकले नसते: सकाळपासून दुपारपर्यंत अर्धा ग्लास पाणी, आणि संध्याकाळी सहा ते नऊमध्ये चार ग्लास, आणि दिवसातली सर्वात मोठी लघवी ९० मिली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा शाळेची सवय सुटत नव्हती. मूल रात्री डायपर घालत असेल तर सकाळी त्याचं वजन करा, कोरड्या डायपरचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली, त्यात सकाळची पहिली लघवी मिळवा, रात्री एकूण किती लघवी बनतेय ते कळतं आणि त्यावरून डॉक्टरांना गोळी उपयोगी पडेल की अलार्म (दोन्हींबद्दल पुढे सांगते) याचा अंदाज येतो.

तिथे बहुतेक वेळा बोलणं, पोट-पाठ तपासणं, वजन-उंची आणि लघवीची एक तपासणी एवढंच होतं. सोनोग्राफी, एक्स-रे सगळ्यांनाच लागत नाही. एक गोष्ट मात्र आधीच ठरवून जा, मुलाच्या समोर काय आणि कसं बोलायचं. मी आधी त्याला विचारलं, की डॉक्टरांना तू सांगणार का मी सांगू, आणि तो म्हणाला तू सांग पण हळू आवाजात. म्हणून मी खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात सांगितलं. मग डॉक्टरांनीही आवाज खाली आणला, आणि त्याला थेट म्हणाल्या, "यात तुझी काही चूक नाही, आणि असं होणारी मुलं माझ्याकडे खूप येतात." त्याच्या खांद्यातला ताण गेलेला मला बसल्या जागेवरून दिसला. तुमच्या डॉक्टरांनी "होईल ठीक" म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावलं तर परत विचारा, वही पुढे करा, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. "सात वर्षांचा होऊ दे मग बघू" हे पण ऐकायला मिळतं, पण ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की फक्त वय सातच्या आत आहे म्हणून मुलाला मदत नाकारू नये.

उपचाराची सुरुवात दिवसापासून होते. पाणी कमी करायचं नाही, फक्त दिवसात नीट वाटायचं, सगळ्यात सोपा हिशोब म्हणजे ४० टक्के सकाळी, ४० टक्के दुपारी, २० टक्के संध्याकाळनंतर. दिवसभर पाणी न प्यायलेलं मूल संध्याकाळी पाण्यावर तुटून पडतं आणि पिशवीलाही भरण्याची सवय राहत नाही. चहा, कॉफी, कोला बंद. दर दोन-तीन तासांनी शू, लागली नसली तरी, म्हणजे दिवसात सहा-सात वेळा, आणि झोपायच्या आधी एकदा नक्की. शाळेत जाऊ द्यावं म्हणून टीचरना एक चिठ्ठी द्यायची, कारण लिहायची पण गरज नाही, "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं पुरतं. आमच्या बाबतीत हे आणि पोटाचं औषध एवढ्यावर आठवड्याच्या पाच ओल्या रात्रींच्या दोन झाल्या, साधारण सात आठवड्यांत.

उरलेल्या दोनसाठी अलार्म. चड्डीला एक छोटा सेन्सर लागतो, ओल लागली की जोरात वाजतो. याची गोष्ट मला फार आवडते. १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञांनी वॉर्डमधल्या मुलांच्या अंथरुणात अशी घंटा बसवली होती ती नर्सना कळावं म्हणून, चादर वेळेत बदलता यावी म्हणून, आणि काही दिवसांनी लक्षात आलं की मुलं कोरडीच राहायला लागली. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मावरर नवरा-बायकोने ही पद्धत नीट उपचार म्हणून मांडली. माझ्या मुलाचा "मग मोठ्याने वाजवायचा ना" हा प्रश्न आठवतो ना, नेमकं तेच.

पण अलार्म विकत घेण्याआधी हे माहीत असू द्या की पहिले काही आठवडे अलार्मने मूल उठत नाही, अख्खं घर उठतं. मोठ्यांपैकी एकाने त्याच्या जवळ झोपायचं, वाजला की त्याला पूर्ण जागं करायचं, म्हणजे डोळे उघडून स्वतःचं नाव-वार सांगण्याइतकं, अलार्म त्याने स्वतः बंद करायचा, चालत बाथरूमला जायचं, उरलेली शू करायची, कपडे बदलायचे, परत लावून झोपायचं. उचलून नेलं आणि झोपेतच शू करवली तर मेंदू काही शिकत नाही. पहिल्या महिन्यात प्रगती अशी दिसते की डाग लहान होतो, वाजायची वेळ उशिराची होते, मग कधीतरी वाजायच्या आधीच तो उठून बसतो. सलग १४ रात्री कोरड्या होईपर्यंत चालू ठेवायचं, दोन ते चार महिने लागू शकतात. नीट चिकाटीने वापरला तर साधारण तीनपैकी दोन मुलांना उपयोग होतो. घरात तान्हं बाळ आहे, आई-बाबा रात्रपाळी करतायत, सगळेच थकलेत, तर आत्ता अलार्म नको असं डॉक्टरांना सरळ सांगा, अर्धवट सोडलेला अलार्म मुलाला आणखी एक अपयश वाटतो.

गोळी म्हणजे डेस्मोप्रेसिन, त्या रात्रीच्या हार्मोनचीच नक्कल. ज्यांची रात्रीची लघवी खूप असते त्यांना चांगली लागू पडते आणि लगेच परिणाम दिसतो, म्हणून मुक्कामाच्या सहलीसाठी, कोणाकडे राहायला जाताना ती फार मदत करते, फक्त आधी घरी देऊन बघायची. बंद केली की बऱ्याच जणांचं परत सुरू होतं. आणि तिचा एक नियम मोडायचा नाही: गोळीच्या एक तास आधीपासून पुढे आठ तास पाणी नाही, फार तर एखाद-दोन घोट. किडनी पाणी धरून ठेवत असताना वरून पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, उलट्या होतात, फिट येऊ शकते. ज्या दिवशी ताप, उलट्या, जुलाब असतील, म्हणजे मुलाला पाणी द्यावंच लागणार आहे, त्या दिवशी गोळी नाही. याशिवायही औषधं आहेत पण ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

काय करून उपयोग नाही तेही सांगते. रागावणं, चादर त्यालाच शिक्षा म्हणून धुवायला लावणं, पाहुण्यांसमोर विषय काढणं, धाकट्या भावंडाशी तुलना, याने फक्त मूल लपवायला शिकतं, पलंगाखाली चादर सरकवायला शिकतं. रात्री ठरलेल्या वेळी उठवून शूला नेल्याने तेवढी रात्र कोरडी जाते, सवय लागत नाही, तुम्हाला सोयीचं असेल तर करा पण तो उपचार समजू नका. कोरड्या रात्रीसाठी स्टार देऊ नका, कारण ते त्याच्या हातात नाही. झोपायच्या आधी शूला गेला, दिवसभर पाणी प्यायला, अलार्म स्वतः लावला, यासाठी द्या.

आणि धुण्याचं ओझं कमी करायला एक करा. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर परत मेणकापड, परत चादर. रात्री ओलं झालं की वरची जोडी काढायची, खाली कोरडं तयार असतं, लाईट पण लावायला लागत नाही, तीन मिनिटांत सगळे परत झोपतात. उशाशी एक कोरडी चड्डी-पॅन्ट. आमच्याकडे या एका गोष्टीने रात्रीची चिडचिड जवळजवळ संपली.

थांबल्यावर परत सुरू होऊ शकतं, अलार्मने बरं झालेल्या मुलांमध्येसुद्धा. अशा वेळी आधी पोट बघायचं, लघवी तपासायची, आणि गरज पडली तर अलार्म परत काढायचा, दुसऱ्यांदा बहुतेक लवकर जमतं. आमच्याकडे पाच महिने कोरडे गेल्यावर एका आठवड्यात लागोपाठ दोन रात्री ओल्या झाल्या. दुसऱ्या रात्री मी उठेपर्यंत त्याने वरची चादर आणि मेणकापड काढून बाथरूमच्या बादलीत टाकलं होतं, कपडे बदलले होते, आणि माझ्या पलंगाशी येऊन नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आई, मला सोमवारपासून शी झाली नाहीये. वहीत लिहायचं राहिलं."